फुलपाखरांचे व्यापारी आल्फ्रेड रसेल वॉलेस

फुलपाखरें धरून तीं विकणें हा एखाद्या मनुष्याच्या पोटाचा धंदा असूं शकेल, हें आमच्या बहुतेक वाचकांस ऐकूनहि खरें वाटणार नाहीं. मासळीचा, भाजीचा, केळ्यांचा व्यापार आपल्या परिचयाचा आहे. परंतु टांचणीस टोंचलेल्या किड्यांच्या पेट्या परदेशीं धाडून त्यांच्या विक्रीवर वर्षानुवर्षें निर्वाह करणारा मनुष्य आपण पाहिलेला नाहीं. तथापि एकोणिसाव्या शतकांत युरोपांत ह्या मालाची मोठी पेठ होती. लंडन शहरीं कॉव्हेंट गार्डन भागांतील किंग स्ट्रीटवर स्टीव्हन्स घराण्याचें लिलावगृह होतें. तेथें शंख-शिंपले, पक्ष्यांचीं कातडीं, भुंगेरे आणि फुलपाखरें ह्यांवर बोली लागत असे. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें ऑटो स्टौडिंगर नामक विद्वान् व्यापाऱ्यानें तर फुलपाखरांच्या दरांचीं छापील पत्रकें काढून हा व्यवहार दूरवर पसरविला. धनिक लोक कपाटेंच्या कपाटें भरीत. आणि तीं कपाटें भरावीं म्हणून गरीब घरांतील तरुण ज्वराच्या आणि वाघांच्या प्रदेशांत जाऊन राहत. त्यांपैकीं कित्येक तिकडेच मातींत मिळाले, आणि त्यांचीं नांवेंहि आज कोणाच्या मुखीं नाहींत. एकाचें मात्र राहिलें. त्याच्या कथेंतील एक प्रकरण कॅथॉलिक मिशनच्या एका लहानशा घरांत घडलें असल्यामुळें ह्या स्मरणिकेंत तिला स्थान देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्यांचा जन्म ता. ८ जानेवारी १८२३ रोजीं वेल्सच्या सीमेजवळील अस्क ह्या गांवापाशीं झाला. नऊ भावंडांतील हे आठवे. वडील कायदा शिकलेले, परंतु व्यवहारांत कच्चे. हाताशीं होता तो पैसा एकामागून एक फसलेल्या उद्योगांत बुडाला. त्यामुळें चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाची शाळा सुटली, आणि तो वडील बंधु विल्यम ह्याच्या हाताखालीं जमीनमोजणीचें काम शिकूं लागला. सांखळी घेऊन रानोमाळ हिंडतांना झाडापाल्याची ओळख झाली. १८४४ सालीं लेस्टर येथील एका शाळेंत शिक्षकाची नोकरी मिळाली, आणि त्याच गांवीं हेन्री वॉल्टर बेट्स ह्या तरुणाशीं गांठ पडली. बेट्स ह्यांस भुंगेरे जमविण्याचा नाद होता. गांवापासून दहा मैलांच्या आंत कदाचित् हजार प्रकारचे भुंगेरे सांपडतील हें ऐकून वॉलेस चकित झाले, आणि एक बाटली, कांहीं टांचण्या व एक पेटी घेऊन तेहि त्या नादास लागले.

दोघांपाशीं पैसा नव्हता, परंतु दूरदेशीं जाण्याची ओढ अनावर होती. ब्रिटिश म्युझियममध्यें फुलपाखरांचें काम पाहणारे एडवर्ड डबलडे ह्यांनीं असें आश्वासन दिलें कीं, उत्तर ब्राझीलमधील माल अद्याप दुर्मिळ आहे व त्याच्या विक्रींतून प्रवासाचा खर्च सहज निघेल. एवढ्या भरंवशावर १८४८ च्या एप्रिलांत दोघे गलबतांत बसले. निघण्यापूर्वीं त्यांनीं सॅम्युअल स्टीव्हन्स ह्यांस आपला अडत्या नेमिलें. हे वर सांगितलेल्या लिलावगृहवाल्यांचेच बंधु. आलेला माल उतरवून घेणें, तो म्युझियमला व हौशी संग्राहकांस विकणें, आपली अडत कापून बाकीची रक्कम व लागणारें सामान पुढें धाडणें, आणि तिकडून आलेलीं पत्रें विद्वानांच्या सभांतून व मासिकांतून लोकांपुढें आणणें, हीं सर्व कामें त्यांनीं केलीं. अडत्या म्हटला कीं आपल्याकडील शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या कपाळास आठ्या पडतात, व त्या निष्कारण पडतात असेंहि नाहीं. परंतु पंधरा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ह्या व्यवहारांत उभयतांमध्यें एकदांहि बेबनाव झाला नाहीं, अशी साक्ष वॉलेस ह्यांनीं म्हातारपणीं दिली आहे. अडत्यावर विश्वास नसता तर वॉलेस झाले नसते, असें आमचें मत आहे.

अमेझॉन व रिओ नेग्रो ह्या नद्यांच्या कांठीं त्यांनीं चार वर्षें काढलीं. बेट्स लवकरच निराळ्या वाटेनें गेले. मदतीसाठीं आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ सालीं पारा येथें पीतज्वरानें वारला. वॉलेस त्या वेळीं दूर नदीच्या वरच्या भागांत होते. अखेर प्रकृति ढांसळल्यावर, निवडून राखलेला सर्व संग्रह बरोबर घेऊन, ते १८५२ च्या जुलैंत हेलन नांवाच्या गलबतानें परत निघाले. ता. ६ ऑगस्ट रोजीं भर समुद्रांत गलबतास आग लागली. वॉलेस धुरानें भरलेल्या खोलींत शिरले आणि हातीं आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आले. तींत कांहीं सदरे, मासे व ताडवृक्ष ह्यांचीं रेखाटनें आणि थोडीं टिपणें एवढेंच होतें. शेंकडों नवीन जातींचे किडे व फुलपाखरें, रोजनिशा, नकाशे, सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत जळालें. बरोबर घेतलेल्या जिवंत माकडांपैकीं व पोपटांपैकीं एक पोपट तेवढा पाण्यांत पडून वांचला. गळक्या होड्यांतून दहा दिवस उन्हांत होरपळल्यावर एका जुनाट गलबतानें त्यांस उचललें. आणि तेंहि वादळांत बुडतां बुडतां ता. १ ऑक्टोबर रोजीं इंग्लंडच्या किनाऱ्यास लागलें. तेथें कळलें कीं, स्टीव्हन्स ह्यांनीं कोणी न सांगतां मालाचा विमा उतरविला होता. त्यांनींच वॉलेस ह्यांस शिंप्याकडे नेऊन उबदार कपडे करून दिले, आणि आपल्या आईच्या घरीं ठेवून खाऊंपिऊं घातलें. विम्यानें नुकसान पूर्ण भरून निघालें नाहीं; आणि जी फुलपाखरें विकावयाचीं नव्हतीं, अभ्यासावयाचीं होतीं, त्यांचा विमा कोण उतरविणार?

दुसरा कोणी ह्यानंतर घरीं बसला असता. वॉलेस दीड वर्षानें पुनः निघाले, आणि १८५४ च्या एप्रिलांत सिंगापुरास पोहोंचले.

येथें आमच्या कथेंतील तें प्रकरण येतें. सिंगापूर शहरापासून कांहीं मैलांवर बुकित तिमा नांवाची टेंकडी आहे. तिच्या आसपास मिरीचे व गंबीराचे मळे करणारे चिनी लोक राहत. त्यांच्यासाठीं पॅरिसच्या परदेशीय मिशन संस्थेचे फ्रेंच मिशनरी फादर अनातोल मोदुई ह्यांनीं १८४६ सालीं संत जोसेफ ह्यांच्या नांवें देऊळ स्थापिलें होतें. तेथल्या मिशनच्या घरांत वॉलेस ह्यांस आश्रय मिळाला. वॉलेस आपल्या पुस्तकांत ह्या यजमानांस जेजुइट म्हणतात. तो त्यांचा गैरसमज, प्रॉटेस्टंट देशांत वाढलेल्या मनुष्यास क्षम्य असा. परंतु बाकीचें वर्णन पाहिलें तर आपल्या धर्माच्या नसलेल्या एका परक्यानें धर्मगुरूस इतक्या जवळून व इतक्या निर्मळ दृष्टीनें क्वचितच पाहिलें असेल. हे पाद्री दर रविवारीं चिनी भाषेंत उपदेश करीत, आठवड्यांत सायंकाळीं लोकांशीं बोलत बसत, मुलांची शाळा चालवीत. घरांत तांदूळ नाहीं म्हणून कोणी आला कीं आपल्या घरीं असेल त्यांतील अर्धा देत. कर्जानें गांजलेला आला कीं थैलींतील अर्धे पैसे देत, मग ती शेवटची मोड कां असेना. आणि स्वतःस तोटा पडला कीं लोकांपैकीं सधन असलेल्यांकडे निःसंकोच निरोप पाठवीत. प्रत्येक मिशनऱ्यास वर्षाकांठीं सुमारें ३० पौंड मिळत, व त्यांत तो कोठल्याहि देशांत भागवून नेई, असेंहि वॉलेस ह्यांनीं नमूद केलें आहे. धर्मग्रामाची वही सांभाळणाऱ्या कोणाहि मनुष्यास हा आंकडा वाचून थोडा वेळ थांबावें लागेल.

ह्या घरीं राहून वॉलेस रोज रानांत जात. रान निर्धोक नव्हतें. वाघ सरासरीनें दिवसाला एक चिनी मजूर मारतात, अशी तिकडील बोलवा त्यांनीं लिहून ठेविली आहे. वाघांसाठीं पंधरा-वीस फूट खोल खड्डे खणून त्यांवर काटक्या व पानें पसरलेलीं असत. पूर्वीं तळाशीं टोंकदार खुंटहि रोंवीत, परंतु एक वाटसरू त्यावर पडून मेला तेव्हांपासून त्यास बंदी झाली. अशा रानांत चिनी लांकूडतोड्यांनीं पाडलेलीं झाडें, सालीचे ढीग व करवतीचा भुसा ह्यांवर किडे लोटत. सुमारें दोन महिन्यांत, फारतर एक चौरस मैलाच्या आंत, वॉलेस ह्यांनीं भुंगेऱ्यांच्या सातशेंहून अधिक जाती मिळविल्या. दुसऱ्याच्या घामानें तोडलेल्या झाडावर आपलें पीक आलें, हें त्यांनीं मोकळेपणीं कबूल केलें आहे.

पुढील आठ वर्षांतील सर्व बेटांचा वृत्तांत देण्यास येथें जागा नाहीं. धंदा कसा चाले तें मात्र सांगितलें पाहिजे. सारावाक येथें कोळशाच्या खाणीजवळ राहत असतां त्यांनीं मजुरांस व दयाक लोकांस किड्यामागें एक सेंट देऊं केला, आणि माल दारीं येऊं लागला. त्याच प्रदेशांत मिळालेल्या, काळ्या मखमली पंखांवर झळझळीत हिरवे पट्टे असलेल्या पक्षिपंखी फुलपाखरास त्यांनीं १८५५ सालीं तेथील इंग्रज राजा जेम्स ब्रूक ह्याचें नांव दिलें. न्यू गिनींत १८५८ सालीं मुंग्यांनीं घराचा ताबा घेतला, आणि त्यांच्या नाकासमोरून नमुने ओढून नेले. बरोबर आणलेला चार्ल्स ॲलन हा मुलगा टांचणी सरळ टोंचीत नसे, ह्याचें दुःख त्यांच्या पत्रांतून दिसतें. संग्राहकाच्या मालास वांकडी टांचणी म्हणजे किंमत उतरली. परंतु एका बाबतींत वॉलेस इतर व्यापाऱ्यांहून वेगळे निघाले. अमेझॉनवर असतांना त्यांच्या लक्षांत आलें होतें कीं, नदीच्या एका तीरावरील माकडें दुसऱ्या तीरावर आढळत नाहींत, आणि तरीहि म्युझियममधील नमुन्यांवर नुसतें देशाचें नांव लिहिलेलें असतें. म्हणून मलाया द्वीपसमूहांत त्यांनीं नमुना कोणत्या बेटाचा तें लहानशा चिठीवर लिहून ठेवण्याचा परिपाठ ठेविला, आणि अभ्यासासाठीं एक संच राखीव म्हणून निराळा काढून तो विकूं नये असें स्टीव्हन्स ह्यांस बजावलें. गिऱ्हाइकास सुंदर पंख हवा होता. गांव-शिवार नको होतें. ह्या चिठ्यांच्या जोरावरच बाली व लोंबोक ह्या शेजारच्या दोन बेटांमधून आशियाच्या व ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांची सीमा जाते हें त्यांस दिसलें.

पेठेस हा विचार रुचला नाहीं. १८५५ सालीं सारावाकहून त्यांनीं जातींच्या उत्पत्तिक्रमाविषयीं एक लेख छापविला, तेव्हां स्टीव्हन्स ह्यांनीं कळविलें कीं, कांहीं विद्वानांस ह्याचा खेद होतो. वॉलेस ह्यांनीं तर्क करूं नयेत, आणखी माहिती गोळा करावी. मोजणीदाराच्या पोरानें पेट्या भराव्या, विचार दुसऱ्यांनीं करावा, असाच त्याचा अर्थ. तीन वर्षांनीं, हिंवतापाच्या झटक्यांत पडले असतां, प्राण्यांतील जे परिस्थितीस योग्य तेच टिकतात व त्यांतून जाती बदलतात ही कल्पना त्यांस सुचली. तेर्नाते बेटावरून त्यांनीं तो निबंध चार्ल्स डार्विन ह्यांस धाडिला. डार्विन वीस वर्षें त्याच विचारावर बसून होते. ता. १ जुलै १८५८ रोजीं दोघांचें लिखाण लंडनच्या लिनियन सोसायटींत एकत्र वाचलें गेलें. वॉलेस त्या वेळीं टपालाच्या पलीकडे होते आणि त्यांस कोणी विचारलेंहि नव्हतें. कळल्यावर त्यांनीं राग धरला नाहीं. १८६९ सालचें आपलें प्रवासाचें पुस्तक त्यांनीं डार्विन ह्यांसच अर्पण केलें.

आतां त्या सोनेरी फुलपाखराची गोष्ट. १८५८ च्या ऑक्टोबरांत ते बाचान बेटावर आले. पहिल्याच फेरींत एक अपूर्व, मोठें, गडद रंगाचें पक्षिपंखी फुलपाखरूं दृष्टीस पडलें आणि उंच उडून गेलें. दोन महिने तें हुलकावणी देत राहिलें. जानेवारींत त्यांस पिवळ्या फुलांचें व मोठ्या पांढऱ्या पानांसारख्या दलांचें एक झुडूप आढळलें. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत रानाच्या कडेला भूतकेस फुलतो, त्याच्याच भावकींतील हें झाड. त्यावर तें फुलपाखरूं घिरट्या घालीत होतें, परंतु निसटलें. दुसऱ्या दिवशीं मादी मिळाली, तिसऱ्या दिवशीं नर. सात इंचांहून रुंद पसरलेले ते पंख मखमली काळे व जळत्या नारिंगी रंगाचे होते. जाळ्यांतून काढून ते उघडतांच वॉलेस ह्यांचें काळीज धडधडूं लागलें, रक्त मस्तकास चढलें, भोंवळ येते कीं काय असें वाटलें. हेलनवर मृत्यु समोर असतां वाटलें नव्हतें तसें. दिवसभर डोकें दुखत राहिलें. सोन्यानें गाजलेल्या प्राचीन राजा क्रीससचें नांव त्यांनीं त्यास दिलें. आणि लगेच एका चाकरास जाळें देऊन ओढ्याच्या पात्रांत रोज तींच फुलपाखरें धरावयास पाठविलें, कारण लंडनला त्यांचें मोल येणार होतें.

ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्यानें एकाच आठवड्यांत केल्या, आणि त्यानें त्या दोन्ही लपविल्या नाहींत. आम्हांस हा प्रसंग अनेकदां आठवतो. ज्याच्यापुढें क्षणभर गुडघे टेंकावेसे वाटावे त्याचाच दुसऱ्या दिवशीं भाव ठरवावयाचा, ही अडचण एकट्या वॉलेस ह्यांची नव्हती. परंतु ती त्यांस जाणवली हें विशेष. १८५७ सालीं अरू बेटांत स्वर्गपक्षी प्रथम हातीं आला तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, ही शोभा युगानुयुगें कोणी न पाहतां येथें नांदली. सुधारलेला मनुष्य येथें आला म्हणजे ती नष्ट होईल. आणि म्हणून सर्व सृष्टि मनुष्यासाठींच निर्माण झाली असें म्हणतां येत नाहीं. ह्यावर आम्ही त्यांच्याशीं वाद घालणार नाहीं. त्याच बेटांत चावऱ्या माश्यांच्या दंशांनीं पाय फुटून ते कित्येक दिवस घरांत पडून होते. रांगत नदीवर आंघोळीस जावें आणि निळ्या पंखांचें दुर्मिळ युलिसिस डोक्यावरून जातांना नुसतें पाहावें, एवढेंच हातीं राहिलें. १८६३ सालीं लंडनच्या एका व्याख्यानांत त्यांनीं बजावलें कीं, ज्या जाती आपण नाहींशा होऊं देत आहों त्या सृष्टीच्या ग्रंथांतील अक्षरें आहेत, आणि पुढील पिढ्या आपणांस दोष देतील. हें सांगणारा त्याच धंद्यावर जगला होता.

१८६२ च्या वसंतांत ते दोन जिवंत स्वर्गपक्षी घेऊन इंग्लंडास परतले. चौदा हजार मैलांच्या प्रवासांत १,२५,६६० नमुने जमले होते; त्यांत भुंगेरे ८३,२०० आणि फुलपाखरें व पतंग १३,१००. किड्यांचा मोठा भाग विमाधंद्यांतील श्रीमंत विल्यम विल्सन सॉन्डर्स ह्यांच्याकडे गेला. फुलपाखरें विल्यम ह्यूइटसन ह्यांनीं पुष्कळ घेतलीं, आणि १८७८ सालीं ते वारल्यावर त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला. सुमात्रांत त्यांनीं पाहिलेलें, पंख मिटतांच वाळकें पान भासणारें फुलपाखरूं त्यांच्या पुस्तकामुळें जगप्रसिद्ध झालें. त्याचें एक भावंड आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि आहे. स्टीव्हन्स ह्यांनीं विक्रीचा पैसा हिंदुस्थानांतील रेल्वेच्या हमीच्या रोख्यांत गुंतविला होता, आणि त्याचें उत्पन्न सालीना सुमारें ३०० पौंड येई. मोलुक्क बेटांतील फुलपाखरांवर आपल्याकडील आगगाडीचे रूळ पडले, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुर्दैवानें अडत्याची काळजी संपली व वॉलेस स्वतः पैसा हाताळूं लागले. वडिलांचा वारसा उघड झाला, आणि खाणींच्या व इतर भागांत तो पैसा गेला. राखीव संग्रहहि पुढें विकावा लागला. पृथ्वी सपाट मानणाऱ्या एका हट्टी गृहस्थाशीं १८७० सालीं पैज लावून ते जिंकले खरे, पण त्यानें त्यांस वर्षानुवर्षें छळलें. अखेर डार्विन ह्यांच्या खटपटीनें १८८१ सालापासून सरकारनें २०० पौंडांचें वार्षिक वेतन दिलें. मृतात्म्यांशीं बोलण्याच्या बैठकींस ते जात व देवी टोंचण्यास विरोध करीत, हीं त्यांचीं मतें आम्हांस मान्य नाहींत. मनुष्याची बुद्धि केवळ नैसर्गिक निवडीनें घडली नाहीं असेंहि त्यांनीं १८६९ पासून सांगितलें, व त्याबद्दल स्वपक्षीयांचा रोष पत्करला. ता. ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं, नव्वद वर्षांचे असतांना, डॉर्सेटमधील ब्रॉडस्टोन येथें ते वारले.

एक मनुष्य राहिला. सारावाक येथें १८५५ च्या अखेरीस अली नांवाचा मलायी मुलगा स्वयंपाकासाठीं ठेविला होता. तो बंदूक चालविण्यास, पक्ष्यांचीं कातडीं काढण्यास शिकला. आजाऱ्याची शुश्रूषा, नाखव्यांशीं बोलणें, सर्व त्याच्याकडे आलें. बाचान येथील ज्या अज्ञात स्वर्गपक्ष्यास वॉलेस ह्यांचें नांव मिळालें तो अलीनें मारून आणला होता, आणि वॉलेस ह्यांनीं तसें स्पष्ट लिहिलें आहे. निरोपाच्या वेळीं त्यांनीं त्यास पैसे, आपल्या दोन बंदुका, दारूगोळा व हत्यारें दिलीं, आणि त्याची तसबीर काढविली. पुढें १९०७ सालीं थॉमस बार्बर नांवाचे तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नाते येथें गेले असतां एक सुरकुतलेला म्हातारा त्यांच्यासमोर आला आणि आपलें नांव अली वॉलेस असल्याचें त्यानें सांगितलें. बार्बर ह्यांनीं त्याची तसबीर घेऊन इंग्लंडास पाठविली. वॉलेस त्या वेळीं चौऱ्यायशी वर्षांचे होते. त्यांचें आनंदाचें पत्र उलट टपालीं बार्बर ह्यांस आलें.